कूलरच्या झोतात जडावकाम: नागपूरच्या एका कारखान्यातील बारीक धुळीचे प्रकरण

लकडगंजच्या बाजूचा हा कारखाना म्हणजे २० फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच असा एकच गाळा. पुढे शटर, मागे खिडकी. तिघे जण काम करतात. दोघे खाचा कोरून जडाव बसवतात, तिसरा घासणी आणि पॉलिश बघतो. माल देव्हाऱ्यांची दारे, चौरंग, पाट आणि अधूनमधून दागिन्यांच्या पेट्या. लाकूड सीपी (म्हणजे जुन्या मध्य प्रांतातले) सागवान आणि शिसम. जडावाला पितळी तार, पितळी पट्टी आणि शिंपल्याचे तुकडे.

तक्रारी दोन होत्या. पहिली मालकाची: पॉलिशच्या शेवटच्या हातावर बारीक कण बसतात, बोट फिरवले की खरखर लागते आणि मे महिन्यात हे सर्वाधिक होते. दुसरी घासणी करणाऱ्या कारागिराची: शिसमचे काम निघाले की शिंका, नाक चोंदणे आणि कोपरापासून मनगटापर्यंत लाल खाज. सुट्टीच्या दिवशी आराम पडतो, कामावर आले की दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा तेच. सुट्टीत कमी आणि कामावर जास्त हा क्रम दिसला की तो त्रास कामाच्या जागेचा समजावा. शिसमच्या गटातल्या लाकडांत डालबर्जिओन नावाची रसायने असतात आणि ती कातडीला व श्वासनलिकेला ॲलर्जी लावतात. सागवानही काहींना लागते. याखेरीज लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. नाक आणि सायनसचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. म्हणजे पॉलिशची खरखर आणि कारागिराची खाज ही एकाच गोष्टीची दोन टोके होती.

मालकाचा विचार मोठा डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून पिशवीत साठवणारे यंत्र, घेण्याचा होता. एक कलेक्टर आधीच होता: १ एचपीचा, वर कापडी पिशवी, चार इंची पाइपचे तोंड घासणीच्या टेबलाच्या कडेला बांधलेले. पाइपच्या तोंडाशी हात धरला तर ओढ चांगली लागत होती. तरी धूळ होतीच.

टॉर्चने काय दिसले

संध्याकाळी शटर ओढून दिवे बंद केले आणि एक प्रखर, अरुंद झोताची टॉर्च टेबलापलीकडे अशी ठेवली की झोत बघणाऱ्याच्या दिशेने पण डोळ्यांच्या जरा खालून जाईल. मग नेहमीसारखी घासणी सुरू करायला सांगितली. ट्यूबलाइटखाली स्वच्छ दिसणारी हवा या झोतात धुरासारखी दिसते. ही चाचणी फुकट आहे आणि प्रत्येक कारखान्याने वर्षातून एकदा तरी करावी.

चार गोष्टी उघड झाल्या. सँडरखालून (घासणीच्या विजेच्या यंत्राखालून) उडणारी धूळ पाइपच्या तोंडाकडे जातच नव्हती. पाइपपासून वीतभर अंतरावर तिची दिशा बदलत होती आणि ती कारागिराच्या छातीशी वर चढत होती. कलेक्टरच्या कापडी पिशवीतून, खास करून ती झटकल्यावर, अगदी बारीक धुके बाहेर पडत होते. खाच कोरणारा कारागीर दर वीत-दीड वीत कोरून झाले की वाकून खाचेत फुंकर मारत होता आणि ती धूळ सरळ त्याच्याच नाकावर येत होती. चौथी गोष्ट कूलर चालू केल्यावर कळली: धुराची सगळी पट्टी आडवी होऊन पॉलिशच्या टेबलावरून शटरकडे निघाली.

पाइपचे गणित इथेच सांगून टाकावे, कारण बहुतेक ठिकाणी हीच चूक असते. चार इंची पाइपमधून प्रत्यक्षात ४०० सीएफएमच्या (म्हणजे मिनिटाला ४०० घनफुटांच्या) आसपास हवा जात असेल, तर तोंडात तिचा वेग सेकंदाला २३ मीटर भरतो. तोंडापासून १० सेंटीमीटरवर तो पावणेदोन मीटर उरतो, २० सेंटीमीटरवर अर्धा मीटर, ३० सेंटीमीटरवर जेमतेम २० सेंटीमीटर. उडालेली धूळ पकडायला किमान अर्धा ते एक मीटर वेग लागतो. शिवाय कूलरचा झोत टेबलाशी सेकंदाला मीटर-दोन मीटर सहज असतो. त्यामुळे वीतभर दूर बांधलेला पाइप आणि चालू कूलर यांच्या भांडणात पाइप कायम हरणार. दुप्पट ताकदीचा कलेक्टर घेतला असता तरी हार तीच राहिली असती, फक्त बोटभर पुढे.

धूळ नेमकी कुठून येते

सगळा राग राउटरवर, म्हणजे खाच कोरणाऱ्या विजेच्या यंत्रावर, होता, कारण तो आवाज करतो आणि भुसा दिसतो. हिशेब वेगळे सांगतो. ३ मिमी रुंद आणि २ मिमी खोल खाच एक मीटर कोरली तर ६ घनसेंटीमीटर लाकूड निघते, शिसम असेल तर सुमारे ५ ग्रॅम. आता जडाव बसवल्यावर ४५ सेंटीमीटर चौरस चौरंगाचा माथा सपाट करायला ०.३ मिमी घासला, तर ६० घनसेंटीमीटर, म्हणजे ५० ग्रॅमच्या जवळ. दहापट. आणि राउटरचा बराचसा माल जाड भुसा असतो, तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरखालचा माल पिठासारखा.

या गाळ्यात ६८ घनमीटर हवा आहे. घासणीतल्या ५० ग्रॅमपैकी फक्त एक टक्का हवेत तरंगत राहिला असे धरले, तरी घनमीटरला ७ मिलिग्रॅम होतात. कठीण लाकडाच्या धुळीसाठी युरोपीय संघाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने २ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेची शिफारस १ मिलिग्रॅमची. सरासरी आणि एका वेळची पातळी यांत फरक असतो हे खरे, पण दिवसात असे तीन-चार माथे निघाले की तो फरक फारसा उरत नाही.

तरंगण्याचा काळही बघा. स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण साधारण आठ मिनिटांत खाली बसतो, ५ मायक्रॉनचा अर्ध्या तासात आणि १ मायक्रॉनचा कण बसायला बारा तासांच्या आसपास घेतो. फुप्फुसात खोल जाणारे कण हेच शेवटचे दोन. चालू कूलरच्या हवेत तर ते बसतच नाहीत.

म्हणून यंत्रसामग्री विकत घेण्याआधी घासणीच कमी करायची असे ठरले.

घासणी कमी करणे

जडाव माथ्याच्या वर किती राहतो, यावर सगळी धूळ ठरते. पट्टी अर्धा मिमी वर राहिली की कारागीर ती ८० नंबरने उतरवतो आणि तिच्यासोबत भोवतालचे लाकूडही उतरते. आता खाचेची खोली आधी त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर काढून बघतात. पट्टीचा तुकडा त्यात कोरडा बसवायचा आणि सरळ पट्टी आडवी टाकून फिलर गेजने (पातळ पत्र्यांच्या मापपट्ट्यांनी) फट मोजायची. ०.१५ ते ०.२ मिमी वर असेल तर खोली बरोबर. खाली गेलेला जडाव मात्र चालत नाही, मग अख्खा माथा उतरवावा लागतो, म्हणून शून्याच्या मागे लागू नये.

सपाट करण्याचा क्रम बदलला. आधी पितळ, मग लाकूड. पितळेला बारीक, एकेरी दातांची चपटी कानस, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून, म्हणजे शेजारचे लाकूड ओरखडणार नाही. कानशीचा पितळी चुरा जड असतो, तो उडत नाही, तिथेच पडतो आणि ब्रशने गोळा होतो. तोच चुरा सँडरखाली आला तर पीठ होऊन सागवानाच्या छिद्रांत शिरतो आणि लाकडावर हिरवट-करडी छटा बसते. ती काढायला पुन्हा घासणी. शिवाय सँडरने पट्टी तापते, खालचे इपॉक्सी मऊ पडते आणि पट्टीचे टोक उचलले जाते.

पितळ माथ्याला आले की स्क्रेपर. पोलादी पत्रा, साधारण ०.८ मिमी जाडीचा, त्याच्या कडेला गोल कांबीने बारीक धार वळवलेली. तो लाकडाचे कागदासारखे पापुद्रे काढतो आणि पापुद्रा नाकात जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: पापुद्र्याऐवजी पीठ निघू लागले की धार गेली, थांबून परत वळवावी. पितळ मध्ये असल्याने धार लवकर जाते, म्हणून तीन-चार स्क्रेपर तयार ठेवून काम करतात. पाट-चौरंगाचे काम आता स्क्रेपरपासून थेट २२० नंबरवर जाते आणि सँडरने काढायचे लाकूड ०.१ मिमीच्या आत राहते. आधीच्या हिशेबाने धूळ तिथेच एक-तृतीयांश झाली, एक पाइप न हलवता.

तारेच्या कामाला तर राउटरची गरजच कमी. मैनपुरीच्या तारकशीत शिसममध्ये पातळ पटाशीने चीर पाडून पितळी तार हातोडीने ठोकून बसवतात. चिरेत लाकूड काढले जात नाही, बाजूला सरते आणि तारेला धरून ठेवते. सरळ रेघा आणि मोठ्या वळणांसाठी या कारखान्याने तीच रीत घेतली. बारीक नक्षी अजून राउटरने होते.

शिंपल्याचे वेगळे. त्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि त्याला बांधणारे प्रथिन असते आणि कोरडा कापला तर तिखट वासाची पांढरी भुकटी उडते, जी खोकला आणि दमा दोन्ही वाढवते. शिंपला ओलाच कापायचा, दुसरा पर्याय नाही. उथळ ट्रेमध्ये पाणी, करवतीच्या पात्यावर ब्रशने थेंब. जाडीही लाकडात बसवण्याआधीच, सपाट काचेवर ओल्या वॉटरपेपरने घासून १.३ मिमीवर आणायची, कारण एकदा लाकडात बसला की पाणी लावता येत नाही. ट्रेमधला गाळ त्याच दिवशी कागदावर पुसून कचऱ्यात टाकावा. वाळला की तीच भुकटी पुन्हा हवेत.

फटी भरायला शिसमची भुकटी फेविक्विकमध्ये कालवण्याची सवय सगळ्याच कारागिरांना असते आणि त्यासाठी मुद्दाम लाकूड घासून भुकटीच्या बाटल्या भरल्या जातात. इथे आता इपॉक्सीत काळा रंग कालवतात. ते पूर्ण कडक होईपर्यंत, पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ गेल्याशिवाय, घासायचे नाही. अर्धवट पिकलेल्या इपॉक्सीची धूळ शिसमइतकीच खाज आणते.

उगमाशी पकडणे

कोपऱ्यात एक १२०० वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर पडून होता, 'लगेच चोक होतो' म्हणून. छोट्या अवजारांना खरा उपयोगी तोच. कलेक्टर भरपूर हवा कमी जोराने ओढतो, व्हॅक्यूम थोडी हवा फार जोराने. राउटरच्या टोपाचे नि सँडरचे तोंड अरुंद असते, तिथे जोर लागतो.

चोक होऊ नये म्हणून त्याच्या आधी २० लिटरच्या रंगाच्या बादलीवर प्लॅस्टिकचा छोटा सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून जड माल खाली पाडणारा शंकू, बसवला. जाड माल बादलीत पडतो, फक्त बारीक पुढे जातो. एक अडचण येतेच: पाइपचे तोंड कशाने बंद झाले की ओढीने बादली आतल्या बाजूला चेपते आणि झाकण निसटते. एकात एक अशा दोन बादल्या घातल्या की चेपत नाही. व्हॅक्यूमच्या आत कापडी फिल्टरऐवजी कागदी पिशवी आणि मागे अतिबारीक कण अडवणारा हेपा फिल्टर. नाहीतर पुढून ओढलेले पीठ मागून परत खोलीत येते.

राउटरला बेसवर बसणारा पारदर्शक टोप आणि ३२ मिमीचा मऊ होज. होजचे वजन हातावर आले की बारीक खाच हलते, त्यामुळे कारागीर दुसऱ्याच दिवशी होज काढून ठेवतो. छताच्या हुकाला इलास्टिकच्या दोरीने होज टांगला, वजन गेले, तक्रारही गेली. फुंकरीची सवय मोडायला होजला टी जोडून ६ मिमीची नळी बाजूला काढली आहे. खाच ब्रशने उकरायची आणि नळी फिरवायची. काम फुंकरीपेक्षा स्वच्छ होते, कारण फुंकरीने धूळ खाचेच्या कोपऱ्यात दाबली जाते आणि तिथे गोंद धरत नाही.

सँडरचे दुखणे फार साधे निघाले. पाच इंची सँडरच्या पॅडला आठ छिद्रे होती आणि बाजारातून आणलेले गोल पेपर बिनछिद्राचे. ओढ कितीही असली तरी धूळ वर येणार कुठून? आता छिद्रांचेच पेपर घेतात आणि लावताना छिद्रावर छिद्र आले का हे अंगठ्याने बघतात. हा एवढा बदल करून टॉर्च लावली, तेव्हा सँडरभोवतीचे धुके जवळजवळ दिसेनासे झाले.

कलेक्टरला मग त्याचे योग्य काम दिले: हाताने घासायचे टेबल. ६० बाय ४५ सेंटीमीटरचा खोका, वर छिद्रांचा प्लायवुड, खाली चार इंची तोंड, तिन्ही बाजूंना नऊ इंच उंच फळ्या. ४०० सीएफएमला या तोंडाशी सरासरी वेग सेकंदाला ०.७ मीटर येतो, फळ्यांमुळे कूलरचा आडवा झोत अडतो आणि हाताची घासणी त्यात मावते. चौरंगाचा माथा ठेवला की मात्र बहुतेक छिद्रे झाकतात. म्हणून खाली ठोकळे ठेवून माथा इंचभर वर उचलतात.

कूलर

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत ही बाब येत नाही आणि नागपुरात तिच्याशिवाय काहीच सुटत नाही. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर बंद करा असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. उष्णतेने माणूस पडेल.

पण कूलर हा फक्त शत्रू नाही. एसी तीच हवा फिरवतो, कूलर बाहेरची हवा आत आणतो आणि तेवढीच बाहेर काढावी लागते. समजा तो मिनिटाला २४०० घनफूट देतो. गाळ्याचे आकारमानही तेवढेच आहे. म्हणजे मिनिटाला एकदा खोलीभर हवा बदलते. एवढी हवापालट एसीच्या कारखान्याला परवडूच शकत नाही. फक्त तिची वाट ठरवून द्यायला हवी.

आधी मागच्या खिडकीतला झोत दोघांच्या पाठीवर येत होता आणि तोंडे उजेडासाठी शटरकडे होती. पाठीवर वारा असला की माणसाच्या पुढ्यात भोवरा तयार होतो आणि टेबलावरची धूळ त्या भोवऱ्यात सापडून नाकाशी चढते. टेबले काटकोनात वळवली. आता तोंड आडव्या भिंतीकडे, वारा डाव्या खांद्यावरून उजवीकडे आणि पुढे शटरच्या बाजूच्या १८ इंची एक्झॉस्टकडे. शटर अर्धे खाली ओढलेले, म्हणजे बाहेरची लू उलटी आत येत नाही. घासणीचे टेबल एक्झॉस्टच्या सर्वांत जवळ.

पॉलिशचे टेबल हलवणे अवघड गेले. स्वच्छ हवा कूलरजवळ, पण ती ओलसर. ओल्या झोतात चपडा (लाखेचे पॉलिश) किंवा लॅकर मारला की पांढरा धुरकटपणा येतो. शेवटी मागच्या कोपऱ्यात, झोताच्या बाहेर, प्लॅस्टिकचा पडदा लावून जागा केली आणि पॉलिश सकाळी पहिले काम ठरले: कूलर आणि घासणी दोन्ही सुरू होण्याआधी, रात्रभर धूळ बसलेल्या हवेत.

कलेक्टर गाळ्याबाहेर पत्र्याच्या आडोशाला नेला. मागे, कूलरच्या खिडकीपाशी ठेवणे सोयीचे होते, पण पिशवीतून निसटलेले पीठ कूलरच्या वाळ्याच्या जाळ्यांनी ओढून आत आणले असते. म्हणून बाजूच्या बोळात, एक मायक्रॉनची पिशवी लावून. शेजारच्या गच्चीवर उन्हाळाभर कुरडया-पापडांचे वाळवण असते. साध्या पिशवीने भांडण झाले असते आणि शेजाऱ्यांचेच बरोबर असते.

ओलाव्याचा एक धागा परत धुळीकडे येतो. कूलरच्या खोलीत लाकूड ओल धरते, गिऱ्हाइकाच्या कोरड्या घरात सुकून बसते, पितळ मात्र जागचे हलत नाही. मग पट्टी माथ्यावर डोकावते आणि माल परत घासायला येतो. उन्हाळ्यात जडाव बसवल्यावर पाट दोन-तीन दिवस कूलरबाहेर कोरड्या खोलीत ठेवून मगच शेवटची घासणी करतात.

अंगावरची काळजी

दुपट्टा बांधून काम करणे इथे सर्वांच्या अंगवळणी आहे. तो उन्हाला चांगला, १ मायक्रॉनच्या कणाला त्याची वीण म्हणजे उघडे दार. आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी२ मास्क, डोक्यामागून दोन पट्ट्यांचा, उच्छ्वासाची झडप असलेला. कानाला अडकवायचे मास्क गालाशी फटी ठेवतात. दाढीवर कोणताच मास्क नीट बसत नाही, हे कारागिराला स्पष्ट सांगावे. मास्क खिळ्याला टांगू नये, झाकणाच्या डब्यात ठेवावा. सगळे बदल झाल्यावर तो दिवसभर लागत नाही, शिसमची घासणी, पिशवी झटकणे आणि सफाई एवढ्यालाच पुरतो, म्हणून उन्हाळ्यातही वापरला जातो.

झाडू बंद, व्हॅक्यूम किंवा ओले फडके. कॉम्प्रेसरची बंदूक कपड्यांवर मारायला सक्त मनाई.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. तळहातावर घेऊन तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट हातावरची धूळ सोबत नेते, आणि मशीनिंगसाठीच्या पितळी सळईत शिसे तीन टक्क्यांच्या आसपास असू शकते. खर्रा सोडवणे कारखान्याच्या हातात नव्हते. साबण आणि नळ शटरपाशी आणणे हातात होते. जडावासाठी सळईऐवजी बिनशिशाचा पत्रा आणि तार घेतात.

आगीकडे दुर्लक्ष नको. धार लावायचे ग्राइंडर टेबलापासून दूर नेले, कारण पोलादाची ठिणगी पाइपमधून पिशवीत गेली तर तासाभराने धुमसते. पिशवी आणि बादली रोज संध्याकाळी रिकामी होतात. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून ठेवली की आपोआप पेटतात, ती पाण्याच्या डब्यात.

बाकी काय

पॉलिशवरचे कण गेले. शिंका कमी झाल्या, पण शिसमची खाज पूर्ण गेली नाही, आणि जाणारही नाही. एकदा ॲलर्जी लागली की अगदी थोड्या धुळीनेही अंगाला खाज उठते. त्या कारागिराला शिसमच्या घासणीवरून काढून शिंपला-पितळ कापण्याच्या ओल्या टेबलावर बसवले आहे आणि छातीच्या डॉक्टरांकडून श्वासाची तपासणी करून घ्यायला सांगितले आहे.

पावसाळ्याचा प्रश्न उघडा आहे. जुलैपासून कूलर बंद होतो आणि मिनिटाला एक हवापालट जाते. एक्झॉस्ट एकटा चालवला तर हवा अर्ध्या शटरमधून आत येऊन तिथूनच बाहेर पडते, मागचा अर्धा गाळा तसाच राहतो. म्हणून पावसाळ्यात शटर पूर्ण खाली आणि मागच्या कूलरच्या पेटीची जाळी काढून ठेवायची, म्हणजे हवा मागूनच येईल. पहिल्या पावसानंतर टॉर्च लावून हे तपासायचे आहे. ओलसर हवेत एक मायक्रॉनची पिशवीही लवकर बुजते, तेव्हा टेबलाची ओढ दर आठवड्याला टिश्यूच्या कपट्याने बघायची: छिद्रावर कपटा धरून सोडला की चिकटला पाहिजे. गळून पडला तर आधी पिशवी झटकायची, बोळात, मास्क लावून आणि शेजारच्या गच्चीवर काही वाळत नाही हे बघून.